रडत नव्हती आई

आरशासमोर कोट घालून उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने अचानक हुंदका दिला, तेव्हा कात्रीबाईच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यामुळे मनात आलं ते तिला लगेच बोलता आलं नाही, हे त्या गिऱ्हाइकाचं नशीब.

"तुम्हाला बघितलं आणि राहवलंच नाही हो," डोळे टिपत ती गिऱ्हाईक बाई म्हणाली. "कशा राहत असाल एकट्या. मी ते गाणं रोज ऐकते आणि रोज रडते."

कात्रीबाईने टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या गादीत टोचल्या आणि म्हणाली, "हात खाली सोडा. रडताना खांदे वर जातात. बाही आखूड झाली तर मला बोल लावाल."

कात्रीबाई हे नाव तिला गल्लीने ठेवलं होतं. ते हातातल्या कात्रीवरून ठेवलेलं नसून तोंडातल्या जिभेवरून ठेवलंय, हे तिला ठाऊक होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती. नवरा गेला तेव्हा पोरगा शाळेतसुद्धा जात नव्हता. तेव्हाही तिच्यासमोर 'अरेरे' म्हणायची कोणाची टाप नव्हती. खाली दुकान, वर दोन खोल्या, एक शिलाई मशीन आणि नाटकगृहाच्या कपडेपटाचं काम, एवढ्यावर तिने आयुष्य ताठ मानेने ओढून नेलं होतं. आणि आता साठी ओलांडल्यावर, सगळं कसं मनासारखं बसलेलं असताना, अख्ख्या गावाला तिची दया येऊ लागली होती. कारण काय, तर पोराने गाणं केलं.

पोरगा गाणी लिहायचा आणि गायचा. दोन-तीन वर्षांपूर्वी तीन मित्र आणि एक जुनी गाडी घेऊन तो दौऱ्यावर निघाला. आज या गावात, उद्या त्या. सुरुवातीची गाणी चार टाळकी सोडून कोणाला माहीत नव्हती. मग हे एक आलं आणि वणव्यासारखं पसरलं. रेडिओवर तेच, दुकानांत तेच, रस्त्याने जाणाऱ्या पोरांच्या तोंडी तेच:

*गाडी वळली, मागे पाहिलं, खिडकीत होती आई,*
*डोळे पुसत उभी अजूनही, दिवा मालवत नाही.*

"दिवा कुठला?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तिने शेजारच्या लाँड्रीवाल्याला विचारलं होतं. "खिडकीत दिवा लावून उभी राहायला मी काय दीपगृह आहे?"

"गाणं आहे बाई ते," लाँड्रीवाला म्हणाला. "गाण्यात चालतं." आणि असं म्हणून त्याने तिच्या चादरी फुकटात इस्त्री करून दिल्या. इतक्या वर्षांत त्या माणसाने एक रुमालसुद्धा फुकट दिला नव्हता. तिला इतका संताप आला की घरी आल्यावर तिने त्या चादरी विस्कटून टाकल्या.

बेकरीवाला तिच्याशी हळू आवाजात बोलू लागला. वरच्या मजल्यावरची शेजारीण आजाऱ्याला देतात तसं सूप आणून देऊ लागली आणि देताना तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. खरं सांगायचं तर पोरगा गेल्यापासून कात्रीबाई मजेत होती. त्याची कॉट भिंतीला लावून तिने त्या खोलीत कापड बेतायचं मोठं टेबल टाकलं होतं, आणि ताट वाढल्यावर कोणी तारा छेडत बसत नव्हतं. पोरावर तिचा जीव होता. पण ती काय लोकांना सांगायची गोष्ट आहे?

एवढ्यावर भागलं असतं तर तिने दात-ओठ खाऊन सोसलंही असतं. पण त्या सोमवारी ती नाटकगृहात गेली.

नवं नाटक येणार होतं. राजाचा मृत्यू, दरबार शोकात, आणि स्टेजवरचा प्रत्येक माणूस काळ्या कपड्यांत. असं काम मिळावं म्हणून ती वर्षानुवर्षं वाट बघत होती. रंगीबेरंगी कपड्यांत शिंप्याच्या चुका झाकल्या जातात. काळ्यावर काळं शिवताना हात कसा आहे ते उघडं पडतं, आणि आपला हात कसा आहे हे तिला एकदा सगळ्यांना दाखवायचं होतं. कपडेपटाच्या साहेबांनी मागच्या हंगामातच सांगितलं होतं, की हे काम तुमचंच.

साहेबांनी तिला खुर्ची दिली. तिथेच तिला शंका आली. साहेब कधी कोणाला खुर्ची देत नसत.

"बाई, मी विचार केला," ते म्हणाले. "काम फार आहे. ते आपण दुसऱ्याकडे देऊ. तुम्ही आधी स्वतःला सावरा."

"मला काय झालंय?"

"आम्हाला कळत नाही का? सगळं शोकाचं नाटक, दिवसरात्र काळं कापड हातात, आणि त्यात तुमची ही मनःस्थिती. उद्या काही झालं तर मला पाप लागेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझी बायको ते गाणं ऐकून जेवली नाही एकदा."

"तुमची बायको जेवली नाही म्हणून माझं काम काढून घेताय?"

"बघा, म्हणजे बघा कशा चिडताय," साहेब कळवळून म्हणाले. "हेच मी म्हणतोय."

चिडलं तर दुःखाने चिडली, गप्प बसलं तर दुःखाने गप्प बसली, हसलं तर बिचारी दुःख लपवते. तिला कुठूनच वाट राहिली नव्हती. ती उठली, साहेबांच्या बाहीचं लोंबणारं बटण तिला दिसलं, आणि आयुष्यात प्रथमच ते तसंच लोंबत ठेवून ती बाहेर पडली.

दुकानात परतली तर लाँड्रीत रेडिओवर पोराची मुलाखत चालू होती. निवेदिका मधाळ आवाजात विचारत होती, प्रवासातून गाणी कशी सुचतात म्हणून. कात्रीबाई लाँड्रीच्या दारातच थांबली.

"प्रवासच गाणी देतो," पोरगा म्हणाला. आवाज त्याचाच, पण त्याला कोणीतरी पॉलिश केल्यासारखं वाटत होतं. "घरात बसलं की माणसं रोजचीच दिसतात. गाडी सुटली, मागे वळून बघितलं, की तीच माणसं पहिल्यांदा दिसतात. आई खिडकीत उभी होती. मी निघताना ती एकदाही रडली नव्हती. पण गाडी कोपऱ्यावर वळताना बघितलं तर तिने काळं फडकं डोळ्यांना लावलेलं. गाणं तिथेच सुचलं. मी फक्त उतरवून घेतलं."

लाँड्रीवाल्याने नाक ओढलं.

कात्रीबाई मात्र काळं फडकं ऐकून जागच्या जागी थिजली. तो दिवस तिला लख्ख आठवला. फडकं कसलं, नाटकातल्या सेनापतीच्या कोटाचा तुकडा होता तो. त्याला दोरा जुळवायचा होता. दिव्याखाली सगळे काळे सारखेच दिसतात. दिवसाच्या उजेडात नेलं की एक काळा निळ्याकडे झुकतो, दुसरा तपकिरीकडे. म्हणून खिडकीत जायचं, कापड आणि दोरा दोन्ही पार डोळ्यांशी धरायचं. दिवसातून दहादा ती हेच करायची आणि पोरगा तिच्या पायांशी खेळत हे बघतच मोठा झाला होता. तरी गाडीत बसल्या बसल्या त्याला त्यात अश्रू दिसले.

"फक्त उतरवून घेतलं म्हणे," ती म्हणाली. "नीट बघायचं तरी होतंस, शहाण्या."

"कोणाशी बोलताय?" लाँड्रीवाल्याने काळजीने विचारलं.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, कोणा मित्राने उचलला आणि तो सराव करतोय, संध्याकाळी कार्यक्रम आहे, काही निरोप आहे का म्हणाला. निरोप होता, पण तो परक्या पोराच्या तोंडून पोचवण्यासारखा नव्हता. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम कुठे आहे ते तिने विचारून घेतलं आणि सकाळी दुकानाला कुलूप लावून बसमध्ये बसली.

प्रवास तिला कधी मानवला नाही. खिडकीशेजारची जागा मिळाली, पण बाहेर बघायचं नाही असं तिने ठरवूनच टाकलं. बाहेर बघितलं की माणसं पहिल्यांदा दिसतात म्हणे. तिने समोरच्या सीटच्या कव्हरकडे बघत रागाला फोडणी द्यायला सुरुवात केली. भेटल्यावर काय काय बोलायचं ते ती मनात रचत गेली. पण रस्ता सिमेंटचा होता, त्याचे जोड ठरावीक अंतरावर येत होते, आणि प्रत्येक जोडावर बस धडधड-धप, धडधड-धप करत होती. तिची वाक्यं लांबच लांब होती, ती त्यात मावेनात. ती तुटू लागली. तुटून त्या ठेक्यात बसू लागली. त्यात भर म्हणजे ते मेलं गाणं डोक्यात होतंच. ती जितकी चिडत होती तितके शब्द नेमके येऊन पडत होते, आणि बस उतारावर लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण ओठ हलवतोय:

*गाडी वळली, जा बाबा तू, मला कामाची घाई,*
*दोन काळे जुळवत होते, रडत नव्हती आई.*

शेजारी बसलेल्या गृहस्थाने तिच्याकडे पाहिलं. "काय बघताय?" ती म्हणाली. जन्मात कधी यमक न जुळवलेली बाई, आणि आता या वयात हे. याचाही राग तिने पोराच्याच खात्यावर टाकला.

सभागृहाच्या मागच्या दाराने ती आत शिरली. रखवालदाराने अडवलं, तेव्हा "मी खिडकीतली आई" असं तिला नाइलाजाने म्हणावं लागलं. तो पाया पडायचाच बाकी होता.

पोरगा एका पेटीवर बसून गिटारच्या तारा बदलत होता. वाळला होता. त्याच्या जॅकेटचं अस्तर काखेत उसवलेलं तिला दारातूनच दिसलं.

"आई?" तो ताडकन उठला. "काय झालं?"

"तू झालास, हेच झालं. बस खाली." तो बसला. "मी रडत होते?"

"काय?"

"तुझ्या गाण्यात. मी रडत होते?"

"मी बघितलं ना. तू काळं फडकं—"

"सेनापतीचा कोट होता तो. दोरा जुळवत होते मी. तुला माहीत नाही दोरा कसा जुळवतात?"

पोराच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उलगडत गेली ती तिला दिसत होती. आधी त्याला हसू आलं. मग ते अर्ध्यावरच विरलं.

"म्हणजे तू रडत नव्हतीस."

"नाही."

"जराही नाही?"

"त्या दिवशी कोट द्यायचा होता," ती म्हणाली.

तो हातातल्या तारेचं वेटोळं करत बसला. "दौऱ्यावर प्रत्येक गावात खोली तीच असते," तो म्हणाला. "तीच चादर, तोच नळ. कार्यक्रमाला पाच माणसं यायची. त्यातली दोन चुकून. परत येऊन पडलं की वाटायचं, आपण गेलो काय, राहिलो काय, कोणाला काय फरक पडतो. मग मी तुला त्या खिडकीत उभी करायचो. वाटायचं, आपण निघालो तेव्हा एक माणूस तरी रडलं. त्यावर झोप लागायची."

कात्रीबाईच्या काळजात कळ उठली. पण तिच्यासोबत रागही उठला, आणि तो मोठा होता.

"म्हणजे रडू तुझं, आणि डोळे माझे," ती म्हणाली. "तुला घर आठवत होतं, तर तसं लिही की. खोलीत बसलोय, आईची आठवण येते, घास उतरत नाही. कोणी अडवलं होतं?"

"माझ्याएवढ्या बाप्याने असं म्हटलं तर कोण ऐकेल?"

"म्हणून मला रडवलीस. माझ्या मापाचं नाही ते, तुझ्या मापाचं बेतलंस आणि माझ्या अंगात चढवलंस. आणि मी ते घालून गावात फिरतेय. माझ्या पाठीवरून हात फिरवतात रे लोक. माझ्या."

त्याने मान खाली घातली.

"नाटकाचं काम गेलं," ती म्हणाली. "काळे कपडे. सगळा दरबार."

आता मात्र त्याने झटकन वर पाहिलं. त्या कामाबद्दल तो लहानपणापासून ऐकत आला होता. "तुझं काम दुसऱ्याला दिलं?"

"मी दुःखात आहे ना. मला झेपायचं नाही."

"आज बदलतो," तो म्हणाला. "आजच. सगळ्यांसमोर सांगतो. पण एवढ्यात शब्द—"

शब्द होते. तिने ते रागारागातच त्याच्या अंगावर फेकले. पहिली ओळ संपायच्या आत त्याचा हात गिटारकडे गेला.

"हे कुठे सुचलं तुला?"

"बसमध्ये. रस्ताच तसला होता."

"बघ, मी म्हणतो ना, प्रवासात—"

"एक शब्द बोलू नकोस," कात्रीबाई म्हणाली. "आणि ते जॅकेट काढ. असा जाणार आहेस का लोकांसमोर?"

तो काढून देत होता तेव्हा हळूच म्हणाला, "तू कधी फोन का करत नाहीस गं?"

"मशीन चालू असलं की ऐकू येत नाही. बंद असलं की वाटतं, तू गात असशील, मध्येच कशाला." तिने दातांनी दोरा तोडला. हे इतकं साधं कारण या मुलाला इतके दिवस माहीत नव्हतं, याचं तिला नवल वाटलं, आणि वाईटही.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं. तिला पुढे तिसऱ्या रांगेत जागा दिली होती. शेजारच्या बाई ठेवणीतला रुमाल मांडीवर पसरून तयारीनेच बसल्या होत्या. "तुम्ही पहिल्यांदाच का?" त्यांनी विचारलं. "शेवटी ते गाणं येतं. जपून हं."

शेवटी ते गाणं आलं. सूर लागताच टाळ्यांचा कडकडाट झाला. पोराने हात वर करून तो थांबवला.

"हे गाणं चुकलंय," तो म्हणाला. "माझी आई रडत नव्हती. ती शिंपीण आहे. ती उजेडात दोरा जुळवत होती. रडत होतो तो मी. गाडीत, आणि नंतरही. मला ते माझ्या नावावर म्हणायची लाज वाटली, म्हणून तिच्या नावावर म्हटलं. आज दुरुस्त करतो."

कात्रीबाईने श्वास सोडला. झालं. इतकी साधी गोष्ट होती.

आणि सभागृह हसलं. छान, मोकळं, लाडाने हसलं. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय. त्याने नवे शब्द म्हटले, 'दोन काळे जुळवत होते' यावर तर शिट्ट्या पडल्या. मग कोणीतरी मागून ओरडलं, "आता खरं म्हणा."

"हेच खरं आहे," तो म्हणाला.

"खरं, खरं," सगळीकडून मागणी आली. त्याने पुन्हा नवे शब्द सुरू केले. पण तोवर बाल्कनीतल्या पोरींनी जुने धरले होते, मग मधल्या रांगांनी, मग सगळ्यांनीच. माइक त्याच्या तोंडाशी होता, तरी त्याचा आवाज ऐकू येईना. हजार माणसं डोळे मिटून, डुलत, मनापासून तिला खिडकीत उभी करत होती. *डोळे पुसत उभी अजूनही.* त्याने वाजवणं थांबवलं, तरी ते थांबले नाहीत. गाणं आता त्याचं राहिलंच नव्हतं.

"कशी नाही रडणार?" शेजारच्या बाई रुमालाने नाक पुसत म्हणाल्या. "आई असून रडत नाही म्हणजे काय? असली कसली आई?"

"तिला काम होतं," कात्रीबाई म्हणाली.

"अहो, काम काय, कामं सगळ्यांनाच असतात."

कात्रीबाईला एवढा संताप आयुष्यात कधी आला नव्हता. इतक्या वर्षांचं तिचं सगळं करणं, प्रत्येक टाका, प्रत्येक बाही, या लोकांनी गात गात पुसून टाकलं होतं, आणि वर ते तिच्यावर प्रेम करत होते. तिच्या कपाळाची शीर उडू लागली. डोळे चुरचुरले, आणि कितीही दाबलं तरी गरम पाणी घळाघळा गालांवर आलं.

शेजारच्या बाईंनी लगेच आपला रुमाल तिच्या हातात कोंबला. "रडा, रडा. मोकळं व्हा."

"मी रडत नाहीये," ती मोठ्याने म्हणाली. "चिडलेय मी."

"हो, हो," बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आमच्या आईचंही असंच व्हायचं."

तिने तो हात झटकला आणि उठून उभी राहिली. सगळे बसलेले, डोळे मिटलेले, ती एकटी उभी. स्टेजवर पोरगाही तसाच एकटा उभा होता, गिटार खाली सोडून, आणि तिच्याकडेच बघत होता. दिव्यांचा उजेड तिसऱ्या रांगेपर्यंत येत होता. तिचे ओले गाल त्याला स्पष्ट दिसले असणार. या वेळी त्याने नीट पाहिलं. भरल्या सभागृहात फक्त त्यालाच कळलं की आईचं डोकं सणकलंय, आणि माइक हातात असूनही तो घाबरून एक पाऊल मागे सरला.